इतिवृत्तातली एक ओळ : राज्याच्या एआय समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आखणाऱ्या आणि तिचे प्रकल्प मंजूर करणाऱ्या समित्यांचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी मेळघाटात सत्तावीस वर्षं अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. आता निवृत्त आहे. गेल्या पावसाळ्यात एका बैठकीचं बोलावणं आलं. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कुठल्या एका कार्यालयाशी नाही. विषय होता, सरकारी योजनांमध्ये एआयचा नैतिक वापर. विषयपत्रिकेवर ‘आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन’ हा शब्द तीन ठिकाणी होता. मला बरं वाटलं. म्हटलं, निदान विचारतायत तरी.

सकाळभर सादरीकरणं झाली. जेवणानंतर, अर्धी सभा पेंगत असताना, ‘क्षेत्रीय अनुभव’ या सदराखाली आम्हा तिघींना पाच-पाच मिनिटं होती. माझ्या वाट्याला तीनच आली, कारण आधीच्या साहेबांची स्लाइड अडकली होती. तेवढ्यात मी चार मुद्दे मांडले. महिन्याभराने इतिवृत्त हातात पडलं. आम्हा तिघींच्या बोलण्याची मिळून त्यात एक ओळ होती : ‘क्षेत्रीय स्तरावर नेटवर्कची अडचण असल्याचे नमूद करण्यात आले.’

नेटवर्क हा शब्द मी उच्चारलासुद्धा नव्हता.

म्हणून हे पत्र. ते चार मुद्दे इथे सविस्तर लिहिते. पत्र तुम्हाला आहे, पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं ठेवते आहे.

आधी एक सांगून टाकते. मला यंत्राचं वावडं नाही. अंगणवाडीची अकरा रजिस्टरं हाताने भरताना सेविकांची बोटं आखडलेली मी पाहिली आहेत. वजनांचा तक्ता मोबाइल करून देत असेल तर त्या मोबाइलचं तोंड गोड करावं. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, बायकांना शिकायचं नाही. खरं कारण असं की फोनची ताकद कामाच्या मानाने फार तोकडी होती आणि ॲप इंग्रजीत होतं. शिकायला कोणाची ना नव्हती. ज्या भाषेत आपण पोरांची वजनं घेतो त्या भाषेत ॲप द्या, एवढंच मागणं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येते. पोषण ट्रॅकर हे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचं ॲप. 1 जुलै 2025 पासून गरोदर, स्तनदा माता आणि तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायचा आहार देताना ॲपने चेहरा ओळखणं सक्तीचं झालं. आमच्याकडे त्या आहाराला अजून सुकडीच म्हणतात, पाकीट कितीही बदललं तरी. आधी आधारवरून ई-केवायसी, मोबाइलवर ओटीपी, मग फोटो. आणि वाटपाला पुन्हा फोटो. ॲप केंद्राचं आहे, तुमच्या समितीचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण उंबरा आपल्या अंगणवाडीचा आहे, आणि आता असंच पुष्कळ काही तुमच्याही टेबलावर येणार आहे. पोलिसांसाठी 2024 मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही सरकारी एआय कंपनी उभी राहिली. शेतीसाठी 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केलं. उद्या निराधारांचं अनुदान, परवा आश्रमशाळेची हजेरी. म्हणून चेहऱ्याच्या निमित्ताने बोलते.

माझा पहिला मुद्दा होता : कॅमेरा कुठल्या टोकाला लावायचा, हे कोणी ठरवलं?

चेहरा ओळखण्याचं कारण सांगितलं गेलं ते गळतीचं. गळती होती का? होती. सत्तावीस वर्षं तीच पाहिली. पण आहाराचं पाकीट कारखान्यातून निघतं, गोदामात येतं, गाडीत चढतं, अंगणवाडीत उतरतं आणि शेवटी एका बाईच्या पदरात पडतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2004 मध्येच बजावलं होतं की अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत. महाराष्ट्रातल्या याच आहाराच्या निविदा त्याच न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केल्या. म्हणजे न्यायालयाचं बोट वारंवार गेलं ते पाकिटाच्या वरच्या टोकाकडे. कॅमेरा मात्र लागला खालच्या टोकाला, जिथे सात महिन्यांची पोटुशी बाई उभी आहे.

हा निर्णय तांत्रिक आहे का? चेहरा जुळवण्याची अचूकता किती, हा इंजिनिअरचा प्रश्न. पण चेहरा कोणाचा जुळवायचा, संशय कोणावर घ्यायचा, हा प्रश्न हिशेब तपासणाऱ्याचा आहे, पोषणाच्या डॉक्टरचा आहे, वकिलाचा आहे. त्यातलं कोणी टेबलाशी असतं तर विचारलं असतं, की बाबांनो, यातली चोरी बहुतेक कुठे होते ते आधी शोधलं का? त्या बैठकीत मी हेच विचारलं. एक साहेब हसून म्हणाले, “मॅडम, तो या सत्राचा विषय नाही.”

दुसरा मुद्दा सांगण्याआधी माझी एक चूक सांगते.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गावात रजिस्टर तपासताना मला एकच नाव दोनदा दिसलं. बाईचं तेच, नवऱ्याचं तेच, आडनाव तेच. मेळघाटातल्या गावात आडनावं मोजकी, नावं त्याहून मोजकी. पण त्या दिवशी मला घाई होती आणि वरून ‘दुबार नावे कमी करा’ असा कागद आला होता. मी लाल पेन काढलं, एक नाव कापलं, शेजारी सही केली. दोन महिन्यांनी आठवडी बाजारात एक गरोदर बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. मोडक्या हिंदी-मराठीत म्हणाली, “मी आहे ना, बाई. मग वहीत का नाही?”

त्या दोघी होत्या. एकाच पाड्यावरच्या, एकाच नावाच्या, नवऱ्यांची नावंही एकच. त्या रात्री झोप लागली नाही हे सांगत नाही, कारण झोप लागली. आम्ही दिवसाला वीस किलोमीटर चालत होतो. पण दुसऱ्या दिवशी त्याच गावात जाऊन त्याच लाल पेनाने मी नाव परत घातलं, शेजारी पुन्हा सही केली आणि सेविकेला दोन महिन्यांची सुकडी द्यायला सांगितली.

चूक माणसाकडून झाली होती, यंत्राकडून नव्हे. ही गोष्ट मी त्यासाठीच सांगते. माणसं चुकतात, म्हणून यंत्र आणा, असं तुम्ही म्हणता. त्यावर माझी हरकत नाही. पण माझी चूक दुरुस्त झाली ती तीन कारणांनी. चूक कोणाची हे त्या बाईला ठाऊक होतं. ती व्यक्ती बाजारात भेटत होती. आणि त्या व्यक्तीच्या हातात लाल पेन होतं.

माझा दुसरा मुद्दा हाच : आता सेविकेच्या हातात लाल पेन नाही. समोरची बाई तिच्या भावकीतली असते, तिच्या बाळाची नाळ कापताना ही सेविका शेजारी बसलेली असते. चेहरा जुळला नाही तर ‘ही तीच आहे’ असं ती शंभर वेळा सांगेल, पण ॲपमध्ये ते सांगायला जागा कुठे? तुमच्या सादरीकरणांत एक चित्र होतं : यंत्र, बाण, मधे एक माणूस, पुन्हा बाण. शेवटचा शब्द माणसाचा, असं त्याखाली लिहिलेलं. तो मधला माणूस म्हणजे आमची सेविका. तिच्याकडे शेवटचा शब्द नाही, शेवटच्या शिव्या आहेत. गाव तिला बोलतं, वरून नोटीस तिला येते, आणि ज्याने नियम लिहिला त्याचं नाव तिला कळतसुद्धा नाही.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये एआयच्या कारभाराची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात सात सूत्रं आहेत. माझ्या मुलीने मला ती वाचून दाखवली. ती पुण्यात संगणकाच्याच कामात आहे, म्हणजे माझ्या घरातच दोन विद्याशाखा भांडतात. विश्वास, लोक आधी, न्याय्यता, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना, सुरक्षितता : सगळं मान्य. पण तिसरं सूत्र आहे, संयमाआधी नवनिर्मिती. तिथे मी तिला थांबवलं. लस आधी टोचायची आणि मग तपासायची, असं आम्ही कधी केलं नाही. उपाशी पोरापुढे संयम कोणी पाळायचा हे त्या सूत्रात लिहिलेलं नाही, पण गावात विचारलं तर सांगतील.

तिसरा मुद्दा भाषेचा होता. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण इथेच तुमचं टेबल सगळ्यात रिकामं आहे.

कोरकू ही मराठीची बोली नाही. हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली भाषा, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत, म्हणजे आठव्या परिशिष्टात, ती नाही. भिली आणि गोंडीही नाहीत. आदिवासी व्यवहार मंत्रालयाने 2025 मध्ये ‘आदि वाणी’ हे भाषांतराचं ॲप आणलं ते संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या चौघींपासून सुरू झालं. चांगलं पाऊल आहे. कोरकू त्या चौघींत नव्हती. तेव्हा आमच्याकडे ‘संमती’ नावाची जी गोष्ट घेतली जाते, ती कुठल्या भाषेत घेतली जाते? नव्या नोकरीला लागले तेव्हा मला एका म्हाताऱ्या मदतनीस बाईंनी शिकवलं होतं, “मॅडम, साहेबाला हे लोक हो म्हणतात. हो म्हणजे ‘ऐकलं’. हो म्हणजे ‘कबूल’ असं नसतं.” सत्तावीस वर्षांत मला मिळालेलं ते सगळ्यात मोलाचं प्रशिक्षण. कुठल्याही ॲपच्या ‘मी सहमत आहे’ या चौकटीत ते बसत नाही.

ओटीपीचंही तसंच. बँकवाले गावात येऊन सांगून गेले, ओटीपी कोणालाही देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही. लोकांनी ते मनावर घेतलं. मग सेविका दारात येऊन ओटीपी मागते, आणि बाई दार लावून घेते. बाई शहाणी की अडाणी? आणि पुष्कळदा तो आकडा तिच्या हातातल्या फोनवर येतच नाही. फोन नवऱ्याकडे, नवरा कामावर परमुलखात.

दिवाळीनंतर आमची गावं रिकामी होतात. कामाला गेलेली माणसं होळीला परततात. मेळघाटात होळी हा वर्षाचा सण, कुठेही असली तरी माणसं फगव्याला गावी येतात. या मधल्या महिन्यांत मूल कधी आईबरोबर वीटभट्टीवर असतं, कधी आजीपाशी असतं. आजी आहार घ्यायला येते. नोंदवलेला चेहरा आईचा. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या अंगणवाडीत. या सगळ्याला तुमच्या भाषेत ‘अपवादात्मक प्रकरणं’ म्हणतात. आमच्याकडे हेच रोजचं आहे. माणसं कशी जगतात हे अभ्यासणारं एक अख्खं शास्त्र विद्यापीठांत शिकवलं जातं. त्यातल्या कोणाला नियम लिहिण्याच्या आधी एक होळी इथे काढायला पाठवलं असतं, तर हे कळलं असतं.

1993 साली मेळघाटातले बालमृत्यू वर्तमानपत्रांत गाजले. तेव्हापासून आम्ही समित्यांचे जुने यजमान. चहा किती लागतो हे आम्हाला पाठ आहे. पहिल्या वर्षांत डॉक्टर यायचे, औषध द्यायचे, जायचे. मूल पुन्हा भूमकाकडेच, म्हणजे गावातल्या वैदूकडेच, जायचं. खूप वर्षांनी आरोग्य खात्याच्या लक्षात आलं की भूमकाशी बोलल्याशिवाय दवाखान्याची वाट सरळ होत नाही, आणि मग त्यांच्या सभा सुरू झाल्या. भूमका बरोबर होता म्हणून नव्हे. आई त्याचं ऐकत होती म्हणून.

चौथा मुद्दा आकड्यांचा, तो थोडक्यात. बैठकीत सांगितलं गेलं की ओळख पटवण्यात थोडीफार चूक राहतेच. हिशेबापुरतं धरू की चूक शंभरात एकच. राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. एकेका अंगणवाडीत घरी आहार नेणारे साठ जण धरले तर साठ लाख होतात, आणि शंभरात एक म्हणजे दर महिन्याला साठ हजार. पण माझी खरी तक्रार त्या आकड्याच्या पुढची आहे. हा शंभरातला एक जण दर वेळी वेगळा नसतो. ज्याचा फोन जुना, ज्याचं आधार चुकलेलं, जो कामासाठी बाहेर, ज्याच्या पाड्यावर उजेड कमी, तोच पुन्हा पुन्हा वगळला जातो. त्या एका टक्क्याला पत्ता असतो, आणि तो मला तोंडपाठ आहे. संख्याशास्त्राचा कोणीही चांगला मास्तर हे पाच मिनिटांत फळ्यावर दाखवेल. त्याला बोलवा.

अमेरिकेत 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संगणक-संशोधकांनी एक तपासणी केली. चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली त्यांनी पाहिल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त 0.8 टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. ती आपली ॲपं नव्हती, कामही वेगळं होतं, तेव्हा ते आकडे मी इथे चिकटवत नाही. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. बुओलाम्विनी स्वतः कृष्णवर्णीय. प्रयोगशाळेत एका प्रणालीला तिचा चेहरा दिसेना, तिने पांढरा मुखवटा लावला तेव्हा दिसला. प्रश्न तिला सुचला, कारण ती तिथे बसली होती आणि यंत्र तिच्यावर बिघडलं होतं. बाकी सगळ्यांना यंत्र ओळखतच होतं.

जवळचं उदाहरण हवं असेल तर तेलंगण. तिथे 2014 नंतरच्या पाच वर्षांत अठरा लाखांहून जास्त रेशनकार्डं रद्द झाली, संगणकाने जुळवलेल्या माहितीच्या आधारे, कार्डधारकांना नोटीस न देता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की घरोघर जाऊन पुन्हा तपासा. घरोघर म्हणजे कोण जाणार? आमच्यासारखंच कोणीतरी, वही घेऊन.

आता तुम्ही म्हणाल, बाई तक्रारी सांगते, मार्ग सांगत नाही. मार्ग सांगते, आणि तो महाराष्ट्रातलाच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे एक अडचण होती. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या बाळाचे पन्नास किंवा जास्त. पण गावात बाळापाशी असते ती सुईण, आणि तिला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांनी एक साधं यंत्र केलं. मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, लहान बाळासाठी एक, मोठ्यासाठी एक. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया.

हे मी तुमच्यासारख्यांना का सांगते? कारण हेही निर्णय करणारं यंत्रच आहे. त्यात माहिती आत जाते, उंबरठा ठरलेला आहे, ‘हो’ किंवा ‘नाही’ बाहेर येतं. पण त्यात बालरोगतज्ज्ञाचं ज्ञान आहे, सुईणीला काय येतं आणि काय येत नाही याचं ज्ञान आहे, आणि अंधाऱ्या झोपडीत हाताला काय सापडेल याचंही. ते कसं चालतं हे वापरणारीला डोळ्यांनी दिसतं. चुकलं तर तिला कळतं कुठे चुकलं. बाळाचा श्वास तीच मोजते, मणी तीच सरकवते. पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला : नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी. दिल्लीला, जिनिव्हाला ते शिकावं लागलं.

‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाचा अर्थ मला विचाराल तर तो लाल मणी आहे. जेवणानंतरचं सत्र नव्हे.

कायद्याचंही बोलून घेते, कारण ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर मी स्वतः इतक्यांना दिलं आहे की ते कसं दिलं जातं ते मला माहीत आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला, बाळंतिणीला सहा महिने, आणि सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला आहाराचा हक्क दिला. त्या कलमांत चेहरा जुळण्याची अट नाही. आधारच्या खटल्यात 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधार क्रमांक नाही म्हणून कुठल्याही मुलाला लाभ नाकारता येणार नाही. आणि मेळघाटातले धारणी, चिखलदरा हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले, म्हणजे आदिवासी क्षेत्राचे, तालुके. इथे 1996 चा पेसा कायदा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. गावात विकासाचे कार्यक्रम राबवण्याआधी त्यांना ग्रामसभेची मान्यता हवी, असं त्यात लिहिलं आहे. चेहरा ओळखणारं ॲप कुठल्या ग्रामसभेत मंजूर झालं, त्या ठरावाचा क्रमांक मला कोणी सांगितला तर मी हे पत्र मागे घेईन.

तर माझ्या मागण्या.

एक. चेहरा जुळला नाही, ओटीपी आला नाही, म्हणून कोणालाही आहाराशिवाय परत पाठवू नये. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, वहीत नोंद करून आहार द्यावा. पडताळणी मागाहून होत राहील. सेविकेला तो अधिकार लेखी द्यावा, आणि तो वापरला म्हणून तिला नोटीस काढू नये. केंद्राशी बोलायचं तर राज्याने बोलावं. हे आज करता येईल, त्याला धोरण लागत नाही.

दोन. अन्न, औषध, पेन्शन, शिष्यवृत्ती, पोलीस यांच्याशी संबंधित कुठलीही एआय प्रणाली विकत घेण्याच्या आधी, पुन्हा लिहिते, आधी, तिचे परिणाम तपासणारा गट बसावा. त्यात संगणकतज्ज्ञाबरोबर संख्याशास्त्रज्ञ, वकील, त्या भागाच्या भाषेचा जाणकार, समाजशास्त्र किंवा मानवशास्त्राचा अभ्यासक, आणि प्रत्यक्ष वाटप करणारी व घेणारी अशा किमान दोन बायका असाव्यात. या गटाला ‘थांबा’ म्हणता आलं पाहिजे. नुसतं ‘नमूद करण्यात आले’ नको. युरोपीय संघाने 2024 च्या कायद्यात सरकारी लाभाची पात्रता ठरवणाऱ्या प्रणाली जास्त जोखमीच्या गटात टाकल्या आणि मूलभूत हक्कांवरचा परिणाम आधी तपासायला सांगितला. तसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही. पण नेदरलँडमध्ये बालसंगोपनाच्या अनुदानात हजारो पालकांना खोटेच लबाड ठरवलं गेलं आणि जानेवारी 2021 मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरचं हे शहाणपण आहे. आपण ते फुकट घेऊ शकतो.

तीन. या गटातल्या सेविकेला आणि आईला प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे द्यावेत. प्राध्यापकांना मानधन मिळतं आणि यांना ‘सहभागाबद्दल आभार’, हे बंद व्हावं. (बैठकीत आम्हाला एक पेन मिळालं. निळं.)

चार. दर महिन्याला, तालुकावार, किती जणांचा चेहरा जुळला नाही आणि त्यातल्या किती जणांना आहार मिळाला, हे दोन आकडे मराठीत जाहीर करावेत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत. दोनच आकडे.

पाच. प्रत्येक नियमापाशी एका अधिकाऱ्याचं पद आणि उत्तर द्यायची मुदत लिहावी. गावातल्या बाईला ‘हे सिस्टिमने केलं’ असं सांगण्याची सोय राहू नये. सिस्टिम आठवडी बाजारात भेटत नाही.

एवढंच आहे. यातलं काहीही करायला नवं संशोधन लागत नाही. पैसाही फारसा लागत नाही. माणसं लागतात, आणि ती तुमच्या दारातून आत यायला तयार आहेत. पुढची बैठक बाजारच्या दिवशी ठेवू नका, आणि जमल्यास ती परतवाड्याच्या वर, घाट चढून आल्यावर घ्या. दोनशे माणसं बसतील एवढं मोठं झाड मला ठाऊक आहे. प्रोजेक्टर लागणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, मेळघाट

ता. क. : त्या बैठकीच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढे ‘लाभार्थी प्रतिनिधी’ असं लिहिलं आहे. मी लाभार्थी नाही, पर्यवेक्षिका होते. नाव दुरुस्त करावं, आणि माझे चारही मुद्दे घालून इतिवृत्ताची नवी प्रत पाठवावी. जुनी मी जपून ठेवली आहे.